दोन बनियनवाले साहेब

आमच्या कारखान्याच्या शेतकी खात्यात फोन लावला की पलीकडनं एक बाई बोलायची. आवाज इतका बारीक आन गोड, की तोडणीची टोळी आली नाही म्हणून तावातावानं फोन करणारा शेतकरी दुसऱ्या वाक्याला नरम पडायचा. ताई, साहेबांना सांगा तेवढं, म्हणायचा. सांगते की, साहेब फडात गेल्यात, असं बोलून फोन ठेवला की साहेब स्वतःच टोपी घालून फडाकडं निघायचे. कारण खात्यात बाई नव्हतीच. ती ताई म्हंजे आमचे साहेब.

पहिल्यांदा कुणी ताई म्हणलं तेव्हा त्यांनी खुलासा केला होता म्हणे. समोरच्याचा विश्वास बसला नाही. पुढच्यानं तर हसून फोनच ठेवला. मग साहेबांनी विचार केला, की साहेबाला शिव्या बसत्यात, ताईला बसत न्हाईत, मग खुलासे करून करायचंय काय. तेव्हापासनं ताई खात्यात लागली ती बिनपगारी.

हे नव्वदीचं दशक सरतानाचं. बारामती आन इंदापूर ह्या दोन तालुक्यांच्या मधल्या पट्ट्यात कारखान्यांना काय तोटा नाही. त्यातल्या एकात मी कारकून होतो. कागदावर कारकून, पण माझा खरा धंदा नकलांचा. चेअरमन, एसटी स्टँडवरचा भोंगा, ट्रॅक्टर चढावर दम टाकतो तो आवाज, सगळं यायचं. साहेबांचा आवाज तर हातखंडा होता.

साहेब तेव्हा पस्तिशी ओलांडलेले. उंचपुरे, हात नको तेवढे लांब, आन चेहरा शाळेतल्या पोरासारखा साफ. दाढी नाही, मिशी नाही. तरी खिशात मिशीचा बारका कंगवा असायचा. कुणी विचारलं तर शांतपणे सांगायचे, की आयत्या वेळी आली तर धावपळ नको.

उसाची साखर बघायला खात्यानं त्यांना एक दुर्बिणीसारखं नळकांडं दिलं होतं. त्यात रसाचा थेंब टाकून डोळा लावायचा. साहेब आधी ऊस दातानं सोलून चावायचे, आकडा बोलायचे, मग नळकांडं बघायचे. दोन्ही जुळलं नाही तर नळकांडं पुसायचे. आन शेतकऱ्यांना युरियावरनं तर असं झापायचे की बांधावरची म्हातारी माणसं पण खाली मान घालायची. त्यांचं भाषण ठरलेलं: "अरं, ऊस काळाभोर झाला, कमरंएवढा जाड झाला, म्हणून नाचू नका. जास्तीचा युरिया साखरंत जात न्हाय. तो पाल्यात जातो आन पाण्यात जातो. प्रमाण, राव, प्रमाण."

एकदा कँटीनमध्ये मी हेच भाषण त्यांच्या आवाजात करत होतो. समोरची माणसं हसता हसता एकदम गप झाली. मागं साहेब उभे. मला वाटलं गेली नोकरी. साहेब म्हणाले, "'पाण्यात जातो' म्हणताना माझा आवाज अजून वर जातो. परत कर." मी परत केलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले, चहा संपवला आन निघून गेले. तेव्हापासनं मला नावानं कधी हाक मारली नाही. नकल्याच म्हणायचे.

त्यांच्या घरी एकटी आत्या. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यानं निरवांगी गावात वाढवलेलं. आत्याच्या घरी मेंढरं होती, आन साहेब पोरवयात अशी बारीक हाळी द्यायचे की पार कॅनॉलपलीकडची मेंढरं वळायची. बरोबरीच्या पोरांचे आवाज फुटले, मिसरुडं फुटली, लग्नं झाली. साहेबांचं काहीच फुटलं नाही. आत्या सगळ्यांना सांगायची, पोरगं अजून लहान हाय. बी.एस्सी. झालं, नोकरीला लागलं, साहेब झालं, तरी लहानच. साहेब दर उन्हाळ्यात दुसऱ्यांच्या हळदीला जायचे, नवऱ्या मुलाच्या मागं उभं राहून त्याच्या अंगावरची हळद बघायचे, आन जेवून परत यायचे. एकदा परतताना मला म्हणाले होते, "आपल्याला बाकी काय नको नकल्या. येकदा पाटावर बसायचं, उघड्या अंगानं, चारचौघांत. बस."

आता हे व्हावं असं कुणाला वाटत नव्हतं असं नाही, पण घडवून आणलं ते एका डॉक्टरनं. कारखान्यात तपासणीचं शिबिर होतं. बारामतीचा एक नवा डॉक्टर आला होता, मोठ्या शहरात शिकून आलेला. सगळ्यांचं बीपी बघत बघत साहेबांपाशी आला आन थांबला. लांब हात बघितले, गाल बघितला, पडद्यामागं नेलं. मग रक्त पुण्याला पाठवलं. रिपोर्ट घ्यायला मी बरोबर होतो, कारण फटफटी मी चालवायचो. डॉक्टरनं सांगितलं, की पुरुषाच्या अंगात जे टेस्टोस्टेरॉन तयार होतं ते तुमच्यात जवळजवळ झालंच नाही. ते बाहेरनं देता येतं. महिन्याला एक तेलकट इंजेक्शन, कुल्ल्यावर. आवाज उतरेल, दाढी येईल, ताकद येईल. मुलाबाळांचं मात्र अवघड आहे, तिथं खोटं सांगणार नाही.

साहेबांनी रिपोर्टाची नीट घडी घातली. मग विचारलं, "हे औषध आत्ताच निघालंय का?"

डॉक्टर म्हणाला, नाही, जुनं आहे.

"म्हंजे मी कॉलेजात होतो तवा होतं?"

"होतं."

साहेबांनी मान हलवली आन इंजेक्शनची किंमत विचारली. परतीच्या वाटेवर मी एकही नक्कल केली नाही.

पहिले दोनतीन महिने काही दिसलं नाही. साहेब रोज सकाळी मला नमुन्यांच्या खोलीत घ्यायचे आन म्हणायचे, दाखव, आज कितपत उतरलाय. त्यांचं म्हणणं, की आपला आवाज आपल्याला कळत नाही, टेपरेकॉर्डर सगळ्यांचाच आवाज चिरका करतो, पण नकल्याला बरोबर कळतं. मग मी त्यांचा आवाज काढायचा आन त्यांनी ऐकायचा. मी कंटाळून एखादे दिवशी मुद्दाम खाली काढला तर लगेच पकडायचे. खोटं खूश करू नकोस, म्हणायचे.

आन एक दिवस गळीत हंगामाच्या मीटिंगात, भर चेअरमनसमोर, साहेबांचा आवाज फुटला. "तोडणीचा कार्यक्रम" एवढ्या दोन शब्दांत तो तीनदा माडीवर गेला आन तीनदा तळघरात उतरला. सगळी मीटिंग टेबलाखाली तोंड घालून हसली. साहेब एकटे ताठ उभे, चेहऱ्यावर असं तेज, जणू बोनस जाहीर झाला. पुढं महिन्याभरात आवाज खाली बसला. शेतकरी मात्र नाराज. नवा साहेब आलाय का, ती ताई कुठं गेली, लई मायाळू होती, असं फोनवर विचारायचे. साहेब घोगऱ्या आवाजात सांगायचे, तिची बदली झाली. निरवांगीची मेंढरंही म्हणे बिथरली, पण ती आत्याची तक्रार, मी काय बघायला गेलो नाही.

मिशी आली. पातळ, पण आली. कंगवा नोकरीला लागला. आन त्याच सुमाराला इंदापूरची सोयरिक आली. बाई दवाखान्यात नर्स, वय तिशीच्या पुढं, धाकट्या भावंडांची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेली. बघण्याच्या कार्यक्रमात आत्यानं मला दोन नकलाही करायला लावल्या, पण तिनं फक्त एक प्रश्न विचारला, की तुमी इतकं कमी का बोलता. साहेब म्हणाले, आवाज नवा हाय, जपून वापरतोय. ती हसली. जमलं. तारीख उन्हाळ्यातली धरली.

इथनं साहेब बिघडले. त्यांना वाटलं, महिन्याला एक सुई घेऊन एवढी मिशी, तर जास्ती घेतल्या तर लग्नापर्यंत छातीवर केस, दंड, सगळं तयार. बारामतीच्या डॉक्टरची सुई चालू ठेवली आन मधल्या दिवसांत लांबच्या एका वाडीवर जाऊन एका कंपाउंडरकडनं गुपचूप आणखी घ्यायला लागले. वर खुराक. सकाळी तूप, दुपारी तूप, रात्री मटण. साहेबांना पोट आलं, तोंडावर पुटकुळ्या आल्या, राग नाकावर आला.

मग मला दिसायला लागलं, की साहेब ऐन एप्रिलच्या उन्हात शर्टाखाली दोन बनियन घालत्यात. एक ढगळ, त्याच्या आत एक आवळ. फाईल कायम छातीशी धरलेली. फटफटी खड्ड्यात गेली की मागनं "हळू" म्हणून असं कळवळून ओरडायचे, जणू मी त्यांच्या अंगावरनंच गेलो. शेवटी एका पंपावर हवा भरताना त्यांनी मला बाजूला घेतलं आन इकडं तिकडं बघून सांगितलं. छाती सुजलीय. दोन्हीकडं. बोट लावलं तरी दुखतं. पोरी वयात येताना होतं तसं.

मी हसलो नाही असं लिहिलं तर तुम्हाला खोटं वाटेल. पण मी तोंड वळवून हसलो, आन त्यांना घेऊन सरळ बारामतीला गेलो.

डॉक्टरला दोन प्रश्नांत कंपाउंडर सापडला. चिडला नाही, कागद घेऊन समजावत बसला. प्रत्येक पुरुषाच्या अंगात बायकांचं हार्मोन थोडं असतंच, इस्ट्रोजेन. ते बनतं कशातनं, तर ह्याच टेस्टोस्टेरॉनमधनं. तुम्ही जेवढं जास्ती ओतलं तेवढं जास्ती त्यात बदललं. आन हा बदल होतो मुख्यतः चरबीत, तर तुम्ही तूप खाऊन त्याची सोयही करून ठेवलीत.

साहेब कागदाकडं बघत म्हणाले, "म्हंजे मी जितका गडी व्हाया गेलो..."

"तितका घोळ वाढवला," डॉक्टर म्हणाला.

वरची सुई बंद. महिन्याचा डोस मोडून लहान लहान करायचा आन जवळ जवळ द्यायचा, म्हंजे एकदम चढ नको. पोट कमी करायचं. आन थोडे दिवस एक नवीन गोळी, आठवड्यातनं मोजकीच, ती रूपांतर रोखते.

परतताना साहेब मागं बसलेले, फाईल छातीशी. बारामतीच्या बाहेर रस्त्याकडेला काळाभोर ऊस उभा होता. मला राहवलं नाही. मी त्यांच्याच नव्या घोगऱ्या आवाजात सुरुवात केली, "अरं, ऊस काळाभोर झाला म्हणून नाचू नका. जास्तीचा युरिया साखरंत जात न्हाय." मी पुढं म्हणलं, तो पाल्यात जातो. मग पाठीवर एक सणसणीत बुक्की बसली, आन पाठोपाठ साहेब असे हसायला लागले, की मला गाडी कडेला घ्यावी लागली. हसता हसता छाती धरून म्हणायचे, हसवू नको लेका, दुखतंय.

गोळी बारामतीत एकाच दुकानात मिळाली. ती मुळात बायकांच्या छातीच्या आजारासाठीची. दुकानदार चांगला माणूस, चिठ्ठी बघून चेहरा पाडून म्हणाला, वहिनींना कधीपासनं त्रास हाय. मी साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "वहिनी अजून यायच्यात." दुकानदार आणखीच गोंधळला आन त्यानं दोन रुपये कमी घेतले.

आता एवढं झाल्यावर माणूस शहाणा होईल असं वाटतं ना. साहेब उलट्या बाजूला पळाले. बायकांचं हार्मोन हे दुखण्याचं मूळ, तर त्याचं तणच काढून टाकू, म्हणून मोजकी सांगितलेली गोळी रोज खाल्ली. सूज खरंच उतरायला लागली. पण साहेबही उतरले. गुडघे धरले, बोटं धरली, फटफटीवरनं उतरताना म्हाताऱ्यासारखे माझ्या खांद्याला धरायला लागले. ऊस चावायचं बंद. फडात बसून शून्यात बघायचे. लग्नाची खरेदी करायची का विचारलं तर म्हणायचे, बघू, कशात मन लागत न्हाय. एकदा उसाच्या शेंड्यांचं वाढं खाणारं रेडकू बघून त्यांचे डोळे भरले. मी घाबरलो. बारामती पुन्हा.

डॉक्टरनं ह्या वेळी रिपोर्ट त्यांच्याकडं वळवून ठेवला. "तुमचं इस्ट्रोजेन पार तळाला गेलंय. अहो, पुरुषालाही ते लागतं. हाडांना लागतं, सांध्यांना लागतं, मनाला लागतं. बायकोविषयी ओढ वाटायलासुद्धा लागतं. शत्रू नाही ते."

साहेबांनी विचारलं, मग किती पायजे. डॉक्टर म्हणाला, तुमच्या अंगाला मानवेल तेवढं, ते रक्त बघून ठरवू, तुम्ही ठरवू नका. गोळी थांबवली. लहान सुया चालू. आन तूप बंद, चालणं चालू.

महिन्याभरात साहेब माणसात आले. सांधे सुटले, ऊस चावायला लागले, एकदा तर इंदापूरच्या एसटीकडं बघून उगाचच लाजले. छाती बरीच उतरली, दुखायची थांबली. पण पार सपाट झाली नाही. डावीकडं एक घट्ट चकती तशीच राहिली. डॉक्टर म्हणाला, ही लगेच जाणार नाही, कदाचित कधीच नाही, त्रास वाटला तर पुढं छोटं ऑपरेशन. लग्न आठवड्यावर आलेलं.

आन हळद. साहेबांनी आत्याला सांगून बघितलं, की हळद शर्टावरनं लावू, हल्ली तशी पद्धत निघालीय. आत्यानं विचारलं कुठं निघालीय. साहेब म्हणाले पुण्याला. आत्या म्हणाली, मग पुण्याला जाऊन लगीन कर. एवढी वर्षं तिनं पाटाची वाट बघितलेली, ती शर्टाला कशाला ऐकतीय.

पण साहेबांचं खरं दुखणं वेगळंच होतं. नर्सबाईंना त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. इंजेक्शन नाही, छाती नाही, मुलांचं नाही. रोज ठरवायचे, रोज राहायचं. बारामतीच्या एका एसटीडी बूथपाशी मला घेऊन गेले आन म्हणाले, "माझ्या आवाजात तू सांग. सगळं. मी हितं उभा राहतो."

मी लई नाही म्हणलं. पण त्यांनी नंबर लिहिलेला कागद माझ्या हातात कोंबला. मग मी काचेच्या खोपटात शिरलो, ते मागनं शिरले, दार लागेना म्हणून त्यांनी ते पायानं धरून ठेवलं. मी इंदापूरचा दवाखाना लावला, बाई आल्या, आन मी साहेबांच्या आवाजात सुरुवात केली. अगदी हुबेहूब. नमस्कार झाला, तब्येत झाली, थोडं महत्त्वाचं बोलायचंय इथपर्यंत आलो.

पलीकडनं त्या म्हणाल्या, "भाऊजी, आवाज छान काढलाय. पण हे इतकं सलग बोलत न्हाईत. मधी थांबत्यात. फोन त्यांच्याकडं द्या."

आयुष्यात माझी नक्कल एकदाच पकडली गेली, ती ही. मी फोन दिला. बाहेर जायला जागाच नव्हती, म्हणून मी काचेकडं तोंड करून उभा राहिलो. साहेब बोलले. थांबत थांबत, पण बोलले. इंजेक्शनचं सांगितलं. कंपाउंडरचं सांगितलं. गोळीचं सांगितलं. दोन बनियनचं आन हळदीच्या धास्तीचंही सांगितलं. मग बारक्या आवाजात, जुन्या नव्हे, नव्याच पण बारक्या, म्हणाले, "व्हय, दोनी बाजूला होतं. आता डावीकडंच हाय." मग मुलांचं सांगितलं. त्यानंतर मात्र ते पलीकडचं ऐकत होते, मधनंच व्हय, न्हाय म्हणत. मीटर पळत होता आन आमच्यापैकी कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

फोन ठेवल्यावर मी विचारलं काय म्हणाल्या. साहेब म्हणाले, मुलांचं परत परत विचारून घेतलं. मग म्हणाल्या, विचार करते. मग विचारलं, आता दुखतं का.

"मग?"

"मग पेशंट आला म्हणून ठेवला."

चार दिवस इंदापूरहून काही निरोप नाही. होकार नाही, नकार नाही. साहेब कामावर यायचे, फोन वाजला की उठायचे आन बसायचे. आत्यानं मांडव घातला. नवऱ्याकडची उष्टी हळद नवरीला जाते, ती कोण नेणार विचारलं तर साहेब म्हणाले, नकल्या नेईल. ती तिकडं लागेल का नाही ते मात्र बोलले नाहीत.

हळदीच्या दिवशी निरवांगीत मांडवाखाली पाट मांडला. बायका जमल्या, वाजंत्री लागली. साहेब आले, पाटापाशी उभे राहिले. शर्ट काढला. आतला ढगळ बनियन काढला. त्याच्या आत आवळ बनियन होता, तो बघून दोघीतिघी हसल्या. साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग मांडवाकडं, आन तोही काढला.

मी बायकांची तोंडं बघत होतो. आत्यानं दोन्ही हातांनी हळद घेतली, त्यांच्या छातीवर फासली, जरा मागं होऊन बघितलं आन शेजारणीला मोठ्यानं म्हणाली, "काडी होती गं ह्याची नुसती. कारखान्याचं पाणी मानवलं. कसा भरलाय बघ अंगानं." शेजारीण म्हणाली, खात्यापित्या घरचा दिसतोय. बाकीच्यांनी माना डोलावल्या आन हळदीला हात घातला. साहेबांनी एवढं पोट उतरवलं, तूप सोडलं, चालून चालून चपला झिजवल्या, आन आता त्यांना भरला म्हणत होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

उरलेल्या हळदीची वाटी घेऊन मी इंदापूरला गेलो. मांडव होता. पण कुणी गडबडीत नव्हतं, बायका पाटाभोवती नुसत्या बसल्या होत्या. नर्सबाई पिवळ्या साडीत बाजूला उभ्या. मी वाटी पुढं केली, एकीनं ती घेतली, तर बाईंनी तिचा हात अडवला.

"भाऊजी," त्या मला म्हणाल्या, "बनियनवर बसले का?"

"न्हाय. काढला."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. दोन्ही."

त्यांनी त्या बाईचा हात सोडला आन पाटावर जाऊन बसल्या. "लावा आता," म्हणाल्या.